दोनदा तळलेली कच्ची केळी

नरडाण्याहून तापी ओलांडली की शिरपूरकडे केळीचे मळे लागतात. पलीकडे जळगावच्या केळीला तर 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण घड लहान निघाला की व्यापारी तो बाजूला काढतो. त्या कच्च्या केळ्यांचे वेफर्स सगळ्याच करतात. आज आम्ही वेगळा प्रकार सांगतो. क्युबा, पोर्तो रिकोकडे घरोघरी तो होतो. तिकडचं केळं भाजीचं, पिठूळ. आपल्या केळ्यात पाणी जास्त, म्हणून आपल्याला जरा जपावं लागतं.

केळी हिरवीगार, कडक घ्या. पिवळी झाक आली की आत साखर झालेली असते. वरून करपतं, आत मऊ राहतं. हाताला तेल लावूनच सोला, नाहीतर चिकाचे डाग आठवडाभर जात नाहीत. बोटाच्या पेराएवढे जाड तुकडे करा, फडक्यानं कोरडे पुसा.

पहिलं तळण मध्यम आचेवर, तीन-चार मिनिटं. रंग आणायचा नाही, आतलं पीठ शिजवायचं. सुरी सहज आत गेली की काढा. गरम असतानाच केळीच्या पानात ठेवून वाटीच्या बुडानं निम्मे चपटे करा. तुकडा तुटला तर समजा, आत कच्चा आहे किंवा गार झाला आहे. मग पाच मिनिटं पसरून ठेवा. वाफ निघून जाते, म्हणूनच दुसऱ्यांदा तळल्यावर ते कुरकुरीत होतात. तिकडे काही जणी मधे मिठाच्या पाण्यात बुडवतात. आपण ते करू नये, ओला तुकडा तेलात पडला की तेल अंगावर उडतं.

आता आच वाढवा, दोन मिनिटं तळा, सोनेरी झाले की काढा. मीठ नंतरच. उपासाला शेंगदाणा तेल आणि सैंधव चालतं. एरवी लाल तिखट, लिंबू.

आता चुकीचं सांगतो. आमच्या गटानं हे पिशव्यांत भरून मेळाव्यात नेले. दुपारपर्यंत सगळे चिवट! तेलाचे पैसेसुद्धा निघाले नाहीत. हा माल पिशवीचा नाही. तासाभरात मऊ पडतो. विकायचेच असतील तर पहिलं तळण आणि चपटं करणं सकाळी घरी उरका, तुकडे झाकून न्या, आणि गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की दुसरं तळण करा.