पोर्तुगालमध्ये आम्ही काय पाहिले

पोर्तुगाल म्हटले की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे प्रथम गोवा येतो. आम्हीही तोच मनात घेऊन लिस्बनला उतरलो. बरोबर मार्गदर्शक बाई, हातात छापील कार्यक्रम. पहिल्याच दिवशी जेरोनिमोस मठ पाहिला. वास्को द गामाची समाधी तेथेच आहे. दगडातली दोरखंडांची नक्षी सुरेख खरीच. पण बांधकामाचा बराचसा पैसा पूर्वेकडच्या व्यापारावरील करातून आला, हे कळल्यावर तीच नक्षी जरा निराळी दिसू लागते.

मग एव्होरा. रोमनांचे देऊळ, माणसांच्या हाडांनी मढवलेले प्रार्थनागृह, सारे पाहिले. ते पुस्तकांत मिळेल.

आम्हांला सांगावयाचे आहे ते गावाबाहेरचे. या प्रांताला आलेंतेजो म्हणतात. मैलोन्‌मैल उघडी माळराने आणि मधूनमधून बुचाची झाडे. आपल्याकडे पांढऱ्या फुलांचा बूच असतो तो नव्हे. हा ओकच्या जातीचा. झाड सुमारे पंचवीस वर्षांचे झाले की पहिली साल काढतात, आणि पुढे दर नऊ वर्षांनी. पहिल्या दोन खेपांची साल बाटलीच्या बुचाला चालत नाही! म्हणजे लावणाऱ्याच्या हयातीत फारसे काही हाती येत नाही. उन्हाळ्यात मजूर कुऱ्हाडीने साल उकलतो. घाव आतल्या लाकडाला लागता कामा नये. मग उघड्या खोडावर पांढऱ्या रंगाने सालाचा शेवटचा आकडा लिहितात. २०२३ साली सोललेल्या झाडावर ३. यंत्राला हे हातचे कसब सहजी साधत नाही.

जमीन मात्र मूठभरांची. मजूर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत. बालेइझांव हे गाव कार्यक्रमात नव्हते; आम्ही हट्ट धरला तेव्हा बस वळली. १९ मे १९५४ रोजी येथे कापणीच्या बाया मजुरीवाढ मागावयास गेल्या. त्यांतली २६ वर्षांची कातारीना एउफेमिया पोलिसी अधिकाऱ्याच्या गोळ्यांनी मेली. कडेवर तान्हे मूल होते. आठ तासांचा दिवस येथल्या शेतमजुरांनी संप करून मिळवला तो १९६२ साली. सालाझारच्या कारकीर्दीत संप म्हणजे गुन्हा, हे ध्यानात घ्यावे.

शेवटी समुद्रकाठचे पेनीश. मासेमारीचे गाव आणि त्याच्या टोकाला किल्ला. १९७४ च्या क्रांतीपर्यंत हा राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. आता तेथे संग्रहालय आहे. गोव्याचे टी. बी. कुन्हा यांना १९४६ साली आठ वर्षांची शिक्षा देऊन येथेच आणले होते. ज्या सरकारने आलेंतेजोचे मजूर कोंडले, त्याच सरकारने गोवेकरही कोंडले, आणि तेही एकाच भिंतीआड. आम्ही बाईंना कुन्हांविषयी विचारले. त्यांनी नाव वहीत लिहून घेतले. बस सुटावयास पंधरा मिनिटे होती. आम्ही तटाशी उभे राहिलो. खाली लाटा खडकावर आपटत होत्या.