फलनात्मक भाषांतील वितरित विदा प्रक्रिया

वितरित विदा प्रक्रिया म्हणजे मोठी विदा अनेक संगणकांवर विभागून तिच्यावर एकाच वेळी काम करणे होय. अशा कामांच्या आज्ञावल्या स्कालासारख्या फलनात्मक, म्हणजेच फंक्शनल शैलीच्या भाषांत लिहिल्या जातात. या शैलीत फलनाचे उत्तर केवळ त्याला दिलेल्या मूल्यांवर अवलंबून असते आणि मूळ विदा बदलत नाही. त्यामुळे एखादा संगणक मध्येच बंद पडला, तर त्याच्या वाट्याचे काम दुसऱ्या संगणकावर पुन्हा करता येते व उत्तर तेच येते.

इतिहास

गूगलमधील जेफ्री डीन व संजय घेमावत यांनी २००४ मध्ये मांडलेली मॅपरिड्यूस ही पद्धत लिस्प भाषेतील फलनांवरून सुचलेली होती. २००९ मध्ये बर्कली येथे मातेई झहारिया यांनी सुरू केलेली स्पार्क ही प्रणाली स्काला भाषेत लिहिलेली आहे.

उदाहरण

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्यानंतर बृहन्मुंबई महानगरपालिकेने दर १५ मिनिटांनी नोंद घेणारे स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. एका केंद्राच्या वर्षभरात ३५,०४० नोंदी होतात. एवढी विदा खरे तर एका संगणकालाही पुरत नाही. परंतु कामाची रचना समजण्यास ती सोयीची आहे.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथील नोंदी मिसळलेल्या अनेक फायली आहेत असे मानू. 'मॅप' हे फलन प्रत्येक नोंदीतून केंद्र व पाऊस अशी जोडी काढते. नंतर एका केंद्राच्या जोड्या एकाच संगणकाकडे पाठवल्या जातात. जाळ्यावरून विदा हलत असल्याने बहुधा हाच टप्पा सर्वांत खर्चिक ठरतो. शेवटी 'रिड्यूस' त्यांची बेरीज करते.

बेरीज कोणत्याही गटांनी केली तरी सारखीच येते. सरासरीचे तसे नाही. अंधेरीच्या एका फायलीत चार नोंदींची सरासरी २ मिमी आणि दुसरीत १२ मिमीची एकच नोंद असेल, तर सरासऱ्यांची सरासरी ७ येते; खरी सरासरी मात्र ४ आहे. म्हणून बेरीज व नोंदींची संख्या ही जोडी शेवटपर्यंत सोबत न्यावी लागते.

मर्यादा

फलनाने आतूनच बाहेरील नोंदवहीत पाऊस मिळवला, तर पुन्हा चाललेल्या कामामुळे तो दुप्पट मोजला जाऊ शकतो. अशी चूक कोणताही त्रुटिसंदेश न देता घडते. स्पार्कमधील अ‍ॅक्युम्युलेटर या सामाईक गणकाबाबतही, तो रूपांतराच्या टप्प्यात वापरल्यास, हाच धोका असतो.