समुद्र नाही, पण बोट आहे आणि वाळूही! म्हैसूरजवळ कावेरीकाठी एक दिवस

सुट्टी लागली की मुलांची मागणी ठरलेली असते. बोटीत बसायचंय, वाळूत खेळायचंय आणि खरीखुरी मगर बघायचीय. म्हैसूरमध्ये राहणारी किंवा सुट्टीत इथे येणारी मराठी कुटुंबं मग नकाशा उघडतात. मंगळुरू असो की कन्नूर, समुद्र गाठायचा तर घाट उतरून चार-पाच तास जातात. एका दिवसात जाऊन यायचं म्हणजे निम्मा दिवस गाडीतच संपतो.

पण या तिन्ही गोष्टी कावेरीच्या काठावर एकाच दिवसात मिळू शकतात. सकाळी रंगनथिट्टू आणि दुपारनंतर तलकाडू. मुलांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट या दोन ठिकाणांमध्ये दडलेली आहे. माणसाने नदीवर बांध घातला की काय काय होऊ शकतं, हे इथे डोळ्यांनी बघता येतं.

सकाळ: रंगनथिट्टूची बोट

रंगनथिट्टू पक्षी अभयारण्य म्हैसूरपासून वीस किलोमीटरच्या आत, श्रीरंगपट्टणच्या अलीकडे आहे. राजा कंठीरव नरसराज वडियार यांच्या काळात, 1645 ते 1648 दरम्यान, इथे कावेरीवर बांध घातला गेला. पाणी अडलं आणि नदीच्या पात्रात छोटी छोटी बेटं तयार झाली. तिट्टू म्हणजे कन्नडमध्ये उंचवटा किंवा बेट. माणसांनी बांध स्वतःसाठी घातला होता, पण बेटांवर घर केलं पक्ष्यांनी. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी इथली घरटी पाहिली आणि म्हैसूरच्या महाराजांना या जागेचं महत्त्व पटवून दिलं. 1940 मध्ये ते अभयारण्य झालं. 2022 मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमधमेश्वरही गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळेच पक्ष्यांचं घर झालं आणि 2020 मध्ये आपल्या राज्यातलं पहिलं रामसर ठिकाण ठरलं. भिगवणचे रोहितही उजनी धरणाच्या फुगवट्यावरच उतरतात.

रंगनथिट्टूत वनविभागाच्या वल्ह्यांच्या बोटी आहेत. मोटरचा आवाज नसल्याने बोट घरट्यांच्या बरीच जवळ जाते. फेरी छोटी असते, पण तेवढ्या वेळात मुलांनी काय शोधायचं, हे आधी ठरवून ठेवा:

• चित्रबलाक: गुलाबी पिसांचा मोठा करकोचा. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून चालतो. चोचीला मासा लागला की ती झटक्यात मिटते. म्हणजे डोळ्यांनी न बघताही शिकार!

• उघड्या चोचीचा करकोचा: चोच मिटली तरी मधे फट राहते. त्याचं मुख्य खाणं म्हणजे गोगलगायी.

• चमचा: नावाप्रमाणेच चमच्यासारखी चोच. ती पाण्यात डावीकडे-उजवीकडे फिरवत भक्ष्य शोधतो.

• झोळीवाला, म्हणजे पेलिकन: चोचीखालच्या झोळीत पाण्यासकट मासे भरून घेतो.

• मगर: खडकावर तोंड उघडून निवांत पडलेली दिसेल. ती कोणाला घाबरवत नाहीये. अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी ती तोंड उघडं ठेवते.

मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला: मगरी असताना पक्षी इथे राहतात कशाला? उत्तर असं की चहूबाजूंनी पाणी आणि पाण्यात मगर असल्यामुळे मांजर, मुंगूस यांसारखे अंडी खाणारे प्राणी बेटावर सहसा पोहोचत नाहीत. झाडावरून खाली पडलेलं पिल्लू मात्र मगरीच्या तोंडी जाऊ शकतं. पहारेकरी आपला पगार वसूल करतो म्हणा ना!

उन्हाळ्यात गेलात तर घरट्यांकडे नीट बघा. पिल्लांवर ऊन येऊ नये म्हणून चित्रबलाकाचे आई-बाबा पंख पसरून उभे राहतात. आपला आवाज वाढला, कोणी बोटीत उठून उभं राहिलं, तर ते बिचकून उडू शकतात आणि तेवढा वेळ पिल्लं उन्हात राहतात. बोटीत गप्प बसायला सांगतात ते यासाठी.

पाण्याचा नळ कोणाच्या हातात?

रंगनथिट्टूच्या वरच्या बाजूला कृष्णराजसागर, म्हणजेच केआरएस धरण आहे. अभयारण्यातलं पाणी किती असेल, हे बरंचसं तिथून ठरतं. नदी सुरय, म्हणजे रिव्हर टर्न, झाडावर घरटं बांधत नाही. तो नदीतल्या उघड्या खडकावर अंडी घालतो. पाणी अचानक वाढलं तर ती अंडी वाहून जातात. पाणी फार कमी झालं तर उलटी पंचाईत, कारण बेटापर्यंत कोरडी वाट तयार होते आणि कुत्र्या-मांजरांना रस्ता मिळतो. केआरएसचे दरवाजे पक्ष्यांचं वेळापत्रक बघून उघडत नाहीत. शेती, शहरांचं पिण्याचं पाणी, कर्नाटक आणि तमिळनाडूमधलं वाटप, हे सगळं आधी येतं. एका नळावर किती जण अवलंबून आहेत, हे मुलांना समजावून सांगायला यापेक्षा चांगली जागा नाही.

दुपारनंतर: तलकाडूची वाळू

श्रीरंगपट्टणहून बन्नूर आणि टी. नरसीपुरामार्गे तलकाडूला जाता येतं. टी. नरसीपुराला कावेरी आणि कबिनीचा संगम आहे. तलकाडूत साडेतीननंतर पोहोचा, कारण भर दुपारी वाळू पायाला चटके देते.

इथे वाळूच्या टेकड्या आहेत आणि त्यांत बुडालेली, उकरून काढलेली जुनी देवळं आहेत. होयसळ राजा विष्णुवर्धनाने बांधलेलं कीर्तिनारायण मंदिर अवश्य बघा. वाळू कुठून आली, याची लोककथा मोठी गाजलेली आहे. 1610 मध्ये राजा वडियार यांनी श्रीरंगपट्टण घेतलं. तिथल्या सरदाराची पत्नी अलमेलम्मा दागिने घेऊन निघाली आणि सैनिक तिच्या मागे लागले. तलकाडू वाळूत जाईल, मालंगीला डोह होईल आणि म्हैसूरच्या राजांना मूल होणार नाही, असा शाप देऊन तिने कावेरीत उडी घेतली.

अभ्यासक के. एन. गणेशय्या यांनी वेगळं कारण मांडलं आहे. शापाच्या खूप आधी, 14व्या शतकात, वरच्या बाजूला माधवमंत्री बांध झाला. पाणी वळलं, पात्रातली वाळू उघडी पडली आणि वाऱ्याने ती गावावर आणून टाकली. म्हणजे रंगनथिट्टूला बांधाने पक्षी दिले आणि इथे कदाचित बांधानेच देवळं पुरली.

संध्याकाळी नदीकाठी मुलांना मनसोक्त वाळूचे किल्ले करू द्या. टोपलीसारख्या गोल होडीतून फेरीही मारता येते. पण शापातला डोह हा नुसता कथेचा भाग समजू नका. वरून शांत दिसणाऱ्या या पात्रात खोल खड्डे आणि ओढ आहे आणि इथे पोहायला उतरलेल्यांचे जीव गेले आहेत. घोट्याएवढ्या पाण्याच्या पुढे कोणीच जायचं नाही, मोठ्यांनीही नाही.

निघण्याआधी

• रंगनथिट्टूला उघडल्या उघडल्या पोहोचा. ऊन आणि गर्दी दोन्ही टळतं.

• डिसेंबर ते मे हा काळ घरटी बघायला चांगला.

• दुर्बीण, टोपी, पाण्याची स्टीलची बाटली घ्या. जेवणाचा डबा अभयारण्याबाहेर उघडा.

• होडी कुठलीही असो, लाइफ जॅकेटशिवाय बसू नका.

• जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर केआरएसमधून किती पाणी सोडलंय, ती बातमी सकाळी बघून घ्या. विसर्ग जास्त असला की बोटी बंद ठेवतात. तसं झालं तर चिडचिड न करता मुलांना काठावरूनच पाणी किती चढलंय ते दाखवा आणि कालपर्यंत उघडे असलेले खडक आता कुठे गेले, ते विचारा.