कोंबडीला मालक असतो

जानेवारी २०२१ मध्ये दौंड तालुक्यातल्या बोरीबेलचे नाव एकदम बातम्यांत आले. गावातल्या मेलेल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता. मुळशीतल्या नांदे गावाचा अहवालही त्याच सुमारास तसाच आला. परभणीच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या आधीच गेल्या होत्या, ठाणे, बीड, दापोलीत कावळे मरून पडत होते. मग ठरल्याप्रमाणे सगळे झाले. एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या नष्ट केल्या, दहा किलोमीटरपर्यंत पाहणी लावली, चिकनचे भाव कोसळले. उन्हाळा लागेपर्यंत लोक विसरूनही गेले.

बोरीबेल हे दौंड-भिगवण रेल्वेमार्गावरचे गाव. उजनी धरणाचा फुगवटा तिथून फार लांब नाही. या फुगवट्याच्या उथळ, चिखलाच्या काठाला हिवाळ्यात रोहित, कुरव, सुरय, थापट्या आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब उतरतात. समुद्र इथून दीडशे-दोनशे किलोमीटरवर असला, तरी पक्ष्यांच्या लेखी हा किनाराच. म्हणून जगाच्या किनाऱ्यांवर गेल्या काही वर्षांत जे घडले, ते शिरूर-दौंड तालुक्यांतल्या लोकांनी समजून घ्यायला हवे.

पेरूच्या किनाऱ्यावर २०२२ च्या अखेरीपासून बर्ड फ्लूने पेलिकन, पाणकावळे आणि बूबी यांचे लाखोंनी मृत्यू झाले. पाठोपाठ सागरसिंह वाळूवर येऊन मरू लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अर्जेंटिनातल्या वाल्देस द्वीपकल्पावर हत्ती सीलची त्या हंगामात जन्मलेली जवळजवळ सगळी पिल्ले, अंदाजे सतरा हजार, दगावली. त्याच महिन्यात दक्षिण जॉर्जिया बेटांवर स्कुआ पक्ष्यांत विषाणू सापडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर पोचला. किनाऱ्यावरचे प्राणी इतक्या झपाट्याने का मरतात, याचे उत्तर त्यांच्या राहणीत आहे. समुद्रभर विखुरलेले हे जीव विणीच्या काळात एकाच खडकावर, एकाच वाळूच्या पट्ट्यावर अंगाला अंग लावून बसतात. त्यात मेलेल्यांना खाणारे स्कुआ आणि गल एका वसाहतीतून दुसरीकडे उडत जातात.

पक्ष्यांमधला बहुतेक इन्फ्लुएंझा सौम्य असतो. विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. ते एका ठरावीक जागी चिरले गेल्याशिवाय विषाणूला पेशीत शिरता येत नाही. सौम्य प्रकारांत ही चीर देणारी विकरे फक्त आतड्यात आणि श्वासमार्गात मिळतात, त्यामुळे बदक थोडे मलूल होते किंवा काहीच होत नाही. बर्ड फ्लूच्या एच५एन१ या प्रकाराच्या घातक वंशात मात्र त्या जागी काही अमिनो आम्ले जास्तीची आली आहेत आणि त्यामुळे ती जागा शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असणाऱ्या फ्युरिन या विकराने चिरली जाते. मग मेंदू, यकृत, हृदय, काहीच सुटत नाही. हा बदल कोंबड्यांच्या दाट कळपांत घडतो. आजच्या एच५एन१ चा मूळ वंश १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या पाळीव हंसांत सापडला. पुढे २००५ मध्ये छिंगहाय सरोवरावर सुमारे सहा हजार रानपक्षी मेले, त्यांत पट्टकादंब सर्वाधिक होते. रानपक्ष्यांनी आपल्या कोंबड्या मारल्या, ही तक्रार करताना हा क्रम लक्षात ठेवलेला बरा.

आपल्याकडे हा विषाणू १८ फेब्रुवारी २००६ ला जाहीर झाला, नंदुरबारच्या नवापुरात. देशातला तो पहिला उद्रेक. तेव्हापासून नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातात, माणसांचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत. औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा असली, तरी अंतिम शिक्का भोपाळचा. प्रयोगशाळेवाचून निदान होत नाही, कारण शेडमध्ये दिसते ते फसवे असते. कोंबड्या खाद्य सोडतात, मान टाकून बसतात, तुरा निळसर-जांभळा पडतो, डोके सुजते, पातळ कवचाची अंडी येतात आणि एक-दोन दिवसांत निम्मी शेड आडवी होते. मानमोडी या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगातही जवळपास हेच होते. शेतकरी आधी मानमोडी समजतो, त्यात त्याची चूक नाही.

तरी तो फोन करतो. नुकसान त्याचे असते, भरपाईही त्यालाच मिळायची असते. कोंबडीला मालक असतो. रानपक्ष्याला नसतो, आणि आपली सगळी रोगपाहणी या एका गोष्टीवर उभी आहे. कावळ्यांची नोंद तरी होते, कारण ते वस्तीतच मरतात. जानेवारी २०२५ मध्ये लातूरच्या उदगीर शहरात कावळे रस्त्यावर पडू लागले, म्हणून तपासणी झाली. हिमाचलच्या पोंग जलाशयावर डिसेंबर २०२० च्या अखेरीस पट्टकादंब मरू लागले, ते अभयारण्य असल्याने वनरक्षकांना दिसले आणि काही हजारांची मोजदाद झाली. उजनीच्या गाळात एखाद्या पहाटे दहा बदके मेली, तर दुपारपर्यंत घारी आणि कुत्री काठ साफ करून टाकतील.

दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात ऑगस्ट २०२५ मध्ये या विषाणूने चित्रबलाक मेले. हेच चित्रबलाक भिगवणजवळच्या भादलवाडी तलावावर झाडांवर दाटीने घरटी करतात. पेरूच्या खडकांची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही.

शिरूरची गोष्ट आणखी वेगळी. इथे उसात बिबट्या राहतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात त्याच्या हल्ल्यांत माणसे गेल्यावर लोकांच्या डोक्यात बिबट्याचा एकच अर्थ उरला आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. पण डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि भोपाळचा अहवाल एच५एन१ चा आला. मार्जारकुळाला हा विषाणू खाण्यातून सहज लागतो. थायलंडमध्ये २००४ साली कच्च्या कोंबड्या खाऊन पाळीव वाघ मेले होते. शिरूरमध्ये शेड, ऊस आणि बिबट्या एकाच बांधावर आहेत. एरवीची रोजची मर उसाच्या कडेला किंवा ओढ्यात फेकली, की वासाने आधी कुत्री येतात, मागून बिबट्या येतो. खोल खड्डा घेऊन चुना टाकून पुरणे हा कुक्कुटपालनाचा जुनाच नियम. तो पाळला जात नाही, कारण खड्ड्याला जेसीबी लागतो आणि ओढा फुकट असतो.

दुसरीकडून येणारी वाट पाण्याची आहे. पक्ष्याच्या विष्ठेतला विषाणू थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतो, उन्हाने आणि ७० अंशांच्या उष्णतेने मरतो. शिजवलेल्या चिकनला त्यामुळे धोका नसतो. धोका असतो तो फुगवट्यातून थेट शेडच्या टाकीत उपसलेल्या पाण्याचा, शेडमधल्या उघड्या खाद्यावर बसणाऱ्या कावळ्याचा, एका शेडवरून दुसऱ्या शेडवर फिरणाऱ्या अंड्यांच्या ट्रेंचा आणि पिकअपच्या चाकांचा. यातले शेवटचे दोन मला सर्वांत भयंकर वाटतात, कारण त्यांना थंडीचा हंगाम लागत नाही.

कुंभारगाव-भिगवणचे नावाडी हिवाळाभर रोज पहाटे उजनीच्या पाण्यावर असतात. कुठला थवा कालच्यापेक्षा सुस्त आहे, कुठला पक्षी मान वाकडी करून एकाच जागी गोल फिरतो आहे, हे त्यांच्याइतके कोणालाच आधी दिसणार नाही. त्यांनी नुसते फोनवर कळवले, तरी भोपाळला जाणारा नमुना आठवडाभर लवकर निघेल. मेलेल्या पक्ष्याला मात्र त्यांनी हात लावू नये. पशुसंवर्धन खात्याचा क्रमांक १९६२ आहे, वनखात्याचा १९२६. कोंबडी मेली तर कुठला लावायचा, हे कुणालाही सांगता येते. काठावर पट्टकादंब मरून पडला तर दोन्ही लावावेत, कारण तो वन्यजीव म्हणून वनखात्याचा आणि रोग पशुसंवर्धनाचा.