लेखांक ९ : शेपूट ताठ हवं, जड नको

मागच्या आठवड्यात पंखाच्या मधल्या जोडावर काचकापडाची पट्टी चढवून आपण पंख सुकायला ठेवला. आता शेपूट. मॉडेल विमानाच्या किटमधला हा सगळ्यात सोपा भाग. नकाशावर बाल्साच्या काड्या टाचण्यांनी बसवायच्या, सांध्यांना गोंद लावायचा, की संध्याकाळपर्यंत स्टॅबिलायझर तयार. सोपा म्हणून त्याकडे लक्ष कमी जातं, आणि विमानाची दिशा मात्र सगळी त्याच्याच हाती असते. हवेत पंखाचं टोक थोडं फाटलं तरी विमान कसंबसं खाली आणता येतं. एलिव्हेटर गेला तर ट्रान्समीटर हातात धरून बघत राहण्यापलीकडे काही उरत नाही.

आपण बांधतोय ते ४०-साइजचं ट्रेनर, म्हणजे ०.४० घनइंच किंवा साधारण ६.५ सीसीचं इंजिन घेणारं विमान. अशा विमानात सीजीपासून (गुरुत्वमध्यापासून) शेपटाचं अंतर नाकाच्या अंतराच्या अडीच ते तीन पट भरतं. त्यामुळे मजबुतीच्या नावाखाली शेपटावर १० ग्रॅम चढवले, तर तोल सांभाळायला नाकात २५ ते ३० ग्रॅम शिसं भरावं लागतं. शेपटावर दिसेल तिथे प्लायवूड आणि एपॉक्सी थापायची सवय इथेच महागात पडते. एकूण वजन वाढतं, उतरण्याचा वेग वाढतो, आणि जड उतरणीत पहिला दणका पुन्हा शेपटाच्या सांध्यालाच बसतो.

तेव्हा आधी शेपूट कुठे हलतं ते शोधायचं. एका हाताने धड पंखाच्या मागे घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी स्टॅबिलायझरचं टोक हळूच वर उचला. आता टोकाकडे पाहू नका, मुळाकडे पाहा. स्टॅबिलायझर स्वतः वाकतोय का? फिनच्या बुडाशी केसाएवढी फट उघडतेय का? की दोन्ही जागच्या जागी आहेत आणि धडाचा मागचा भागच पिळतोय? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

स्टॅबिलायझर वाकत असेल तर जाडीचा हिशोब कामी येतो. वजन जाडीच्या पटीत वाढतं, पण ताठपणा जाडीच्या घनाच्या पटीत. ५ मिलिमीटरऐवजी ६ मिलिमीटरची काडी वापरली, तर वजन २० टक्क्यांनी वाढतं आणि ताठपणा ७३ टक्क्यांनी. किट अजून जोडायचं असेल तर हाच सगळ्यात स्वस्त उपाय. सांगाडा आधीच तयार असेल तर कार्बनच्या पट्ट्या घ्या, पण जागा नीट निवडा. स्टॅबिलायझरच्या जाडीत मधोमध बसवलेला बारीक रॉड फारसं काही करत नाही. वाकताना ताण आणि दाब सर्वांत जास्त येतो तो वरच्या आणि खालच्या पृष्ठावर. तिथे ०.५ मिमी जाड आणि ३ मिमी रुंद अशी एकेक पट्टी सीए गोंदाने चिकटवली, तर ६० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्यांचं वजन जेमतेम ३ ग्रॅम होतं. कार्बन घासताना मास्क लावा आणि पॉलिशपेपर ओला ठेवा. ही धूळ फुप्फुसात जाता कामा नये, इथे हयगय नको.

बाक दिसतो तरी, पीळ लपून राहतो. चौकोनी खणांचा सांगाडा हातात दणकट लागतो, पण टोकं उलटसुलट फिरवली की सहज पिळतो. त्यात प्रत्येक खणात एक तिरकी काडी घाला, शेजारच्या खणात उलट तिरकी. वजन नगण्य, फरक लगेच हाताला जाणवतो. सांगाड्यावर चढवायची फिल्म ताणून बसली की पीळ जातो असंही म्हणतात, आणि ते खरं आहे, पण आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीत विमान ठेवलं की तीच फिल्म सैल पडते. ताठपणाची भिस्त मी लाकडावरच ठेवतो.

पीळ किती जिवावर बेतू शकतो, याचा धडा खऱ्या विमानांनी फार लवकर घेतला. १९१६ साली ब्रिटनमध्ये हॅण्डली पेज ओ/१०० या दोन इंजिनांच्या बाँबर विमानाचं शेपूट उड्डाणात भयंकर थरथरू लागलं. इंजिनिअर फ्रेडरिक लँचेस्टर यांनी त्याचा छडा लावला. डावा आणि उजवा एलिव्हेटर एकमेकांना थेट जोडलेले नव्हते; दोन्हींच्या तारा वेगवेगळ्या जात होत्या. एक वर आणि दुसरा खाली अशी उलटी फडफड सुरू झाली की धडही तिच्या तालावर पिळत होतं. त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता: दोन्ही एलिव्हेटर एका ताठ नळीने जोडा. पुढच्याच वर्षी डीएच-९ विमानावर तीच वेळ आली, आणि तिथेही हाच इलाज लागू पडला.

आपल्या किटमधली U आकाराची पोलादी तार म्हणजे तीच नळी. म्हणून ती नुसती खाचेत ढकलून मोकळं व्हायचं नाही. तार पॉलिशपेपरने खरबरीत करा, स्पिरिटने पुसा, ३० मिनिटांची एपॉक्सी लावून बसवा आणि खाचेवर हलक्या काचकापडाचा बोटभर रुंद तुकडा चढवा. सुकल्यावर एक एलिव्हेटर पक्का धरून दुसरा हलवून पाहा. तार बाल्सात फिरतेय असं वाटलं, तर काढून पुन्हा बसवा.

फिन आणि स्टॅबिलायझर धडाला चिकटतात तिथली फिल्म काढावी लागते, कारण गोंद लाकडाला लागला पाहिजे. बहुतेकजण हे काम धारदार पात्याने करतात. पातं फिल्मसोबत बाल्साचे वरचे तंतूही कापतं, तेही नेमकं धडाच्या कडेला, जिथे बाक सर्वांत जास्त असतो. ती रेघ डोळ्यांना दिसतही नाही, पण एखाद्या आडव्यातिडव्या उतरणीत स्टॅबिलायझर अगदी तिच्यावरच मोडतो. पातं बाजूला ठेवा. सोल्डरिंग आयर्नचं टोक पट्टीच्या कडेने चटकन फिरवा. फिल्म वितळून सुटते आणि लाकूड शाबूत राहतं. मग फिनच्या बुडाशी दोन्ही बाजूंना त्रिकोणी बाल्सा लावा. धड पिळत असेल तर तसाच त्रिकोणी बाल्सा धडाच्या आतल्या कोपऱ्यांत चालवा.

एवढ्यानेही समाधान झालं नाही, किंवा इंजिन सांगितल्यापेक्षा मोठं बसवणार असाल, तर ताणतारा लावा. पायपर जे-३ कबच्या शेपटावर त्या उघड दिसतात. फिनच्या माथ्याजवळून स्टॅबिलायझरच्या बाहेरच्या भागापर्यंत, आणि तिथून धडाच्या तळाला, अशी दोन्ही बाजूंना केवलारची दोरी किंवा बारीक पोलादी केबल. दोरी जिथून ओवायची तिथे बाल्सात बारीक प्लायचा तुकडा बसवा, नाहीतर ती लाकूड कापत जाते. डावा आणि उजवा ताण सारखा ठेवा. एक बाजू जास्त ओढली गेली तर सरळ बांधलेलं शेपूट आपणच वाकडं करून ठेवतो. काही ग्रॅमांत इतका ताठपणा दुसऱ्या कशाने मिळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळं झाल्यावर शेपूट पुन्हा वजनकाट्यावर ठेवा आणि वाढलेले ग्रॅम नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. बॅटरीची जागा ठरवताना हा आकडा लागेल. बिजागऱ्या आणि पुशरॉडचा ढिलेपणा हे अशा फडफडीचं, म्हणजे फ्लटरचं, दुसरं मोठं कारण, ते पुढच्या आठवड्यात घेऊ. तोवर एलिव्हेटर कायमचा जोडू नका.