मांजरीची पिल्ले : उचलण्यापूर्वी आणि उचलल्यानंतर

पावसाळा तोंडाशी आला की वसई परिसरात एक दृश्य हमखास नजरेस पडते. रविवारचा पहिला मिस्सा आटोपून भाविक बाहेर पडतात तो चर्चच्या फाटकाशी बुटांचे एक रिकामे खोके ठेवलेले असते. खोक्यात जुन्या साडीचा तुकडा आणि त्यावर एकमेकांना बिलगलेली तीन-चार मांजरीची पिल्ले असतात. कधी हेच खोके मासळीबाजाराच्या ओट्याखाली आढळते, तर कधी एखाद्या केळीच्या वाडीच्या कुंपणाशी. मुले भोवती गोळा होतात, कोणी धावत जाऊन बशीभर दूध आणते, वडीलधारी मंडळी हळहळतात आणि अर्ध्या तासाने पांगतात. दुपारपर्यंत खोके भिजलेले असते.

खोके ठेवून जाणारा मनुष्य सहसा क्रूर नसतो. देवाच्या दारी सोडले म्हणजे कोणीतरी सांभाळील, अशी त्याची भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात उपासमार होईल अशा स्थितीत जनावराला सबळ कारणाशिवाय सोडून देणे हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 11व्या कलमानुसार गुन्हा आहे, मग ती जागा चर्चचे आवार असो वा बाजाराचा ओटा. परंतु कायद्याची भीती घालून खोकी थांबणार नाहीत. ती का येतात आणि आल्यावर काय करावे, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येक एकटे दिसणारे पिल्लू अनाथ नसते. मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे आपले आजी-आजोबा सांगत असत. सात हा आकडा काटेकोर नसला तरी निरीक्षण अचूक आहे. जागा असुरक्षित वाटली, पाणी शिरले, बोका घिरट्या घालू लागला की मांजरी एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते. या येरझाऱ्यांच्या मध्ये काही पिल्ले एकटी पडलेली दिसतात आणि नेमक्या त्याच वेळी एखादा दयाळू मनुष्य त्यांना उचलून घरी नेतो. मांजरी परत येते ती रिकाम्या जागी. तेव्हा माळ्यावर, लाकडांच्या ढिगाऱ्यात किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात पिल्ले दिसली, ती कोरडी असली, पोट गोल असले आणि ती शांत झोपली असली तर हात लावू नये. दूर उभे राहून काही तास वाट पाहावी. माणसे जवळपास असतील तर ती येणारच नाही. मात्र पिल्ले भिजलेली, गार पडलेली किंवा सतत ओरडत असतील, अंगावर मुंग्या चढल्या असतील, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. खोक्यात सोडलेल्या पिल्लांची आई तर कित्येकदा दोन-तीन किलोमीटर दूर असते. तीही येणार नाही.

पिल्लू हाती घेतल्यावर सर्वांत मोठी चूक होते ती दुधाची. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. काही वर्षांपूर्वी जुलैच्या एका संध्याकाळी नाल्याच्या कडेला दोन पिल्ले सापडली. डोळे अद्याप मिटलेले होते. घरी आणल्या आणल्या त्यांची भूक भागवावी म्हणून मी गाईचे कोमट दूध ड्रॉपरने त्यांच्या तोंडात सोडले. पिल्ले मी बाळासारखी उताणी धरली होती. एक पिल्लू पहाटेपूर्वीच गेले. दुसरे दोन दिवस हगवणीने बेजार झाले आणि पशुवैद्यांच्या उपचारांमुळे कसेबसे वाचले. पहिल्या पिल्लाच्या बाबतीत माझ्या हातून तीन चुका झाल्या होत्या, हे डॉक्टरांनी मला न रागावता सांगितले. ते रागावले असते तर बरे वाटले असते.

पहिली चूक म्हणजे ऊब देण्यापूर्वी दूध देणे. जन्मानंतरचे काही आठवडे मांजरीच्या पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. ती ऊब आईच्या पोटाची आणि भावंडांची असते. अंग गार पडले की आतड्यांचे काम मंदावते आणि पोटात गेलेले दूध पचण्याऐवजी तसेच पडून राहते. म्हणून आधी पिल्लू कोरडे करावे, गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली जाड टॉवेलात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवावी आणि तासाभरात सावकाश ऊब येऊ द्यावी. खोक्याचा अर्धा भाग थंड राहील अशी व्यवस्था असावी, म्हणजे फार तापल्यास पिल्लाला बाजूला सरकता येते. हीटर किंवा विजेच्या दिव्याखाली एकदम तापवणे धोक्याचे असते.

दुसरी चूक गाईच्या दुधाची. मांजरीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा बरेच अधिक असतात, दुग्धशर्करा मात्र कमी. त्यामुळे गाई-म्हशीच्या दुधावर पिल्लाचे पोषण होत नाही आणि हगवण लागते; एवढ्याशा जिवाच्या अंगातील पाणी आटायला एक दिवस पुरतो. पिल्लांसाठी दुधाची वेगळी भुकटी मिळते. ती महाग आहे, पण सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांपुरतीच लागते. तिसरी चूक उताणे धरण्याची. मांजरीचे पिल्लू आईला पितानाही पोटावरच असते. उताणे धरून पाजल्यास दूध श्वासनलिकेत जाते आणि फुफ्फुसात न्यूमोनिया होतो. टॉवेलावर पालथे ठेवून, डोके किंचित वर करून, लहान बाटलीने अथवा सुई काढलेल्या सिरिंजने थेंबाथेंबाने पाजावे.

पहिल्या आठवड्यात दर दोन ते तीन तासांनी पाजावे लागते, रात्रीसुद्धा. पाजल्यानंतर ओल्या कोमट कापसाने शेपटीखालचा भाग हलकेच पुसावा, कारण सुमारे तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांना आपणहून लघवी-शी करता येत नाही. ते काम आई जिभेने करते. अनेक पिल्ले दूध मिळूनही दगावतात, त्यामागे ही एवढीशी बाब राहून गेलेली असते. स्वयंपाकघरातील वजनाच्या डिजिटल काट्याचा येथे फार उपयोग होतो. जन्मतः पिल्लू सुमारे 100 ग्रॅम असते आणि रोज साधारण 10 ते 15 ग्रॅम वाढते. वजन एक दिवस थांबले तर लक्ष ठेवावे, घटले तर डॉक्टरांकडे न्यावे. डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात, तिसऱ्या आठवड्यात ते धडपडत चालू लागते आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात मऊ अन्न चाखू लागते. उकडलेल्या कोंबडीचे किंवा काटे काढलेल्या मासळीचे कुस्करलेले मांस त्या वेळी चालते. मीठ-मसाला मात्र नको. वाळू किंवा माती भरलेले पसरट भांडे ठेवले की शिकवावेही लागत नाही.

औषधांच्या बाबतीत घरगुती शहाणपण बाजूला ठेवावे. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळणाऱ्या कित्येक औषधांत पर्मेथ्रिन असते, तेही मांजराला विषच. फिनाईलने पुसलेल्या लादीवरून चालून पिल्लू पंजे चाटते आणि आजारी पडते. पिसवा झाल्या असतील तर बारीक दातांची फणी आणि कोमट पाणी पुरते. बाकी पशुवैद्य सांगतील तसे करावे. मुंबईत परळ येथे 19व्या शतकापासून चालत आलेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशु रुग्णालय आहे. आता वसई-विरार भागातही पशुवैद्यांचे दवाखाने दूर राहिलेले नाहीत. जंताचे औषध दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून आणि पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास द्यावी लागते. ज्या घरात एखादे पिल्लू पॅनल्युकोपेनियाने, म्हणजे उलट्या-हगवणीच्या जीवघेण्या विषाणूने दगावले असेल तेथे लस न दिलेले दुसरे पिल्लू आणू नये. हा विषाणू घरात अनेक महिने टिकून राहतो.

पिल्लांमुळे घरातल्यांना आजार होतील, ही भीतीही ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे, पण थोडे. गजकर्ण होऊ शकते, म्हणून हात धुवावेत. घरात गरोदर स्त्री असल्यास वाळूचे भांडे तिने साफ करू नये आणि इतरांनी ते रोजच्या रोज साफ करावे. टॉक्सोप्लाझ्मा या जंतूची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. अनोळखी मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. येथे हयगय नको.

आता घर शोधण्याविषयी. माझ्या मते बचावकार्याचा हाच अवघड भाग होय, आणि याच भागात घाई होते. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत देऊ नये. आई आणि भावंडांच्या सहवासात ते चावा किती जोरात घ्यावा हे शिकते; दोन ते सात आठवड्यांच्या काळात माणसाचा हात लागला तर माणसाळते. तिरंगी पिल्ले लवकर जातात (त्या जवळजवळ सर्व माद्याच असतात, हे नेणाऱ्याला आधी सांगावे), पांढरी जातात, काळे पिल्लू मागे राहते. मांजर आडवे गेले तर अपशकुन, आणि त्यातही काळे! मिस्साला नियमित येणाऱ्या घरांतूनही हे ऐकावे लागते तेव्हा हसावे की काय करावे, कळत नाही.

मागणाऱ्याला काही प्रश्न विचारावेत आणि ते विचारताना संकोच करू नये. घरातील सर्वांची संमती आहे काय? घर भाड्याचे असल्यास मालकाची? इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत असाल तर खिडक्यांना जाळी आहे काय? बंगल्यात विहीर उघडी आहे काय, कुत्रा कसा आहे? सणासुदीला गावी गेलात तर खायला कोण घालील? बाळाच्या वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू हवे असेल तर मी नम्रपणे नकार देतो. वाडीतील उंदरांसाठी हवे म्हणणाऱ्या शेतकऱ्याला मात्र आनंदाने देतो, कारण त्याला मांजर म्हणजे काय हे ठाऊक असते. एकदा सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी पिल्लू मागितले. त्यांचा मुलगा परदेशी आणि घर रिकामे. नाही म्हणणे जिवावर आले, पण मांजर पंधरा वर्षे जगू शकते. शेवटी त्यांना पाच-सहा वर्षांची, शांत स्वभावाची एक भाटी दिली आणि शेजारच्या मावशींनी पुढची जबाबदारी आधीच घेतली. दोघींचे उत्तम जमले. न जमल्यास पिल्लू रस्त्यावर न सोडता आमच्याकडेच परत आणावे, ही अट सर्वांनाच घालतो. परत आणणाऱ्याला बोल लावायचा नाही, असा आमचा नेम आहे. नाहीतर पुढच्या वेळी तो खोके घेऊन फाटकाशी येईल.

माणसांना पोटभर मिळत नाही आणि तुम्ही मांजरांवर पैसे उधळता, हा आक्षेपही आमच्या कानी येतो. तो उडवून लावण्यासारखा नाही. कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी आहेत: प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही आणि माणसांच्या दुःखनिवारणासाठी खर्चायला हवे ते धन प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही. त्याच ठिकाणी असिसीचे संत फ्रान्सिस यांच्यासोबत संत फिलिप नेरी यांचेही नाव येते. रोममध्ये गोरगरिबांची सेवा करणाऱ्या या संतांनी 1583 साली निवासस्थान बदलले तेव्हा त्यांचे मांजर जुन्या घरीच राहिले, आणि ते आपल्या शिष्यांना तेथे जाऊन त्याला खाऊ घालायला सांगत, असे चरित्रकार सांगतात. खर्चाचा हिशेब केला तर सर्वांत स्वस्त मार्ग एकच आहे आणि तो पिल्ले उचलण्याचा नाही.

तो मार्ग निर्बीजीकरणाचा. मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो. चार-पाच महिन्यांची, स्वतःच पिल्लू दिसणारी भाटीही गाभण राहू शकते आणि पहिली पिल्ले अंगावर पीत असताना पुन्हा गाभण राहू शकते. वर्षाला दोन-तीन विती सहज होतात. ‘एकदा तरी तिला पिल्ले होऊ द्यावीत’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. शस्त्रक्रिया झालेली मांजरी उंदीरही पूर्वीसारखेच पकडते. मोकाट मांजरांची शस्त्रक्रिया करून कानाचे टोक किंचित कापतात, म्हणजे पुन्हा पकडण्याची वेळ येत नाही, आणि त्यांना त्याच जागी सोडतात. चार पिल्लांना घरे शोधायला आम्हांला दोन महिने लागतात. त्यांच्या आईची शस्त्रक्रिया मात्र एका सकाळी होते.

अडचण एवढीच की खोक्याबरोबर आईचा पत्ता येत नाही. म्हणून गेल्या वर्षी आम्ही खोके नेहमी ठेवले जाते त्या जागी एक पाटी लावली. ‘पिल्ले ठेवणाऱ्यांना विनंती : तुमचे नाव नको, मांजरी कोठे आहे तेवढे चिठ्ठीत लिहा. शस्त्रक्रियेचा खर्च आम्ही करू.’ पाटीवर बरीच टीका झाली; हे म्हणजे पिल्ले टाकायला निमंत्रणच, असे काहींचे म्हणणे पडले. पावसाळाभरात पाच खोकी आली. त्यांतील दोहोंत चिठ्ठी होती. एकीवर शाळकरी अक्षरात लिहिले होते : ‘आमच्या गोठ्याच्या मागे. आजोबा दुपारी झोपतात तेव्हा या.’