अकरा किलोमीटर

१०७७ हा नंबर आमच्याकडे पुराचा. नदीनं धोक्याची पातळी गाठली, वीज पडून गुरं दगावली, की लोक तो फिरवतात. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस हाच नंबर पेपरात आला तो युद्धामुळे युक्रेनमध्ये अडकलेल्या मुलांच्या पालकांसाठी. कलेक्टर कचेरीतला आपत्ती कक्ष खारकीव्हच्या तळघरात बसलेल्या मुलीसाठी करणार काय, हे समजेना म्हणून मी तिथं गेले.

भिंतीवर तालुकावार पर्जन्यमानाचा तक्ता होता. कोपऱ्यात मागच्या पावसाळ्यातल्या लाइफ जॅकेटांचा ढीग, आणि त्यांचा ओलसर रबरी वास सगळ्या खोलीत भरलेला. एक मार्चला महाशिवरात्रीची सुट्टी असूनही कक्ष चालू होता. त्याच दिवशी खारकीव्हमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी हल्ल्यात मारला गेला. तो खाण्याचं सामान आणायला बाहेर पडला होता. त्यानंतर फोन ठेवायला उसंत मिळाली नाही.

काम म्हणजे यादी. नाव, तालुका, पासपोर्ट नंबर, शहर, कॉलेज, पालकांचा मोबाइल. ती मंत्रालयात जायची, तिथून दिल्लीला. शेवटचा रकाना 'सद्यःस्थिती'चा. कक्षातल्या अव्वल कारकून बाईंचा सगळा जीव त्या रकान्यात अडकलेला. 'तळघरात' खोडून 'ट्रेनमध्ये', मग 'बॉर्डरवर', मग 'बुखारेस्ट'. 'घरी पोचला' असं लिहिताना त्या शेजारच्या शिपायाला हाक मारून दाखवायच्या.

दोन मार्चला भारतीय दूतावासाची सूचना आली. खारकीव्ह ताबडतोब सोडा, संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाई किंवा बेझ्ल्युदिव्का गाठा. वाहन मिळालं नाही तर पायी. अंतरं अकरा, बारा आणि सोळा किलोमीटर. तिथले सहा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ.

तालुक्याहून एसटीनं आलेले एक वडील बाईंच्या टेबलापाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "अकरा किलोमीटर, मॅडम?" बाई हो म्हणाल्या. "म्हंजे आमच्या गावापासून फाट्यापर्यंत जाऊन परत." मग पुन्हा, कुणालाच उद्देशून नाही, "अकरा किलोमीटर." बाहेर बर्फ होता, वर तोफगोळे होते, आणि पोरगी एकोणीस वर्षांची होती.

बाईंनी तिला फोन लावला. पहिला प्रश्न, "बाळा, चार्जिंग किती आहे?" मग पाणी, मग सोबत कोण कोण. नंतर वडिलांकडे वळून त्यांनी बजावलं, "दादा, आता घरातून एकच माणूस फोन करील. मामा, काका, आत्या, सगळ्यांना सांगा. तिची बॅटरी तुमच्या काळजीनं संपवू नका." हा नियम कुठल्याच परिपत्रकात नव्हता. चार दिवस फोन घेऊन घेऊन तो त्यांना उमगला होता. इतकं साधं शहाणपण मी सरकारी खोलीत क्वचितच पाहिलंय.

या मुलांना परत आणणाऱ्या 'ऑपरेशन गंगा'चे आकडे मोठे आहेत आणि खरे आहेत. २४ फेब्रुवारीला युक्रेनचं आकाश बंद झालं, तेव्हा विमानं रुमानिया, हंगेरी, पोलंड, स्लोव्हाकियातून निघाली. पहिलं विमान २६ तारखेला मुंबईत उतरलं, २१९ जणांना घेऊन. एकूण ९० उड्डाणं झाली, त्यांतली १४ हवाई दलाची. सुमारे साडेबावीस हजार माणसं परत आली. तिकडे जाणाऱ्या हवाई दलाच्या विमानांतून युक्रेनसाठी तंबू, ब्लँकेटं आणि औषधंही गेली. याचा मला अभिमान वाटतो. पण खारकीव्हपासून पश्चिमेची सीमा हजारेक किलोमीटरवर, आणि विमान सीमेपलीकडे. त्यातला पहिला, सर्वांत जीवघेणा तुकडा मुलांनी स्वतःच्या पायांनी तोडला. ते अकरा किलोमीटर कुठल्याही आकड्यात धरलेले नाहीत.

"सरकारनं आधीच सांगितलं होतं, पोरांनी ऐकलं नाही," असं तेव्हा पुष्कळ जण म्हणाले. मला ते तेव्हाही लागलं, आजही लागतं. १५ फेब्रुवारीची सूचना होती ती राहणं गरजेचं नसेल तर तात्पुरतं निघण्याचा विचार करा, अशी. कॉलेजं वर्गात हजेरी मागत होती, तिकिटं महागली होती. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलानं काय ठरवायचं?

त्या रात्री कक्षात साडेनऊ वाजून गेले. दहाच्या सुमारास मुलीचा मेसेज आला, फक्त 'पिसोचिन'. बाईंनी रकान्यात तेवढंच लिहिलं, वडिलांना चहा दिला आणि पुढचा फोन घेतला. पिसोचिनमधली मुलं पाच मार्चपर्यंत बसनं हलली. सुमी शहरातली मुलं आठ तारखेला पोल्टाव्हाकडे निघाली. आमच्या जिल्ह्याच्या यादीत सगळीकडे 'घरी पोचला', 'घरी पोचली' झालं.

पण १०७७ वर त्याच घरांतून फोन येतच राहिले. आता प्रश्न वेगळा होता: पुढं शिकायचं कुठं? बाई तो लिहून घ्यायच्या, वर कळवायच्या. यादीत त्यासाठी रकाना नव्हता. सप्टेंबरमध्ये केंद्रानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की युक्रेनमध्ये वैद्यकीय शिकणाऱ्या या मुलांना इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत सामावून घेण्याची कायद्यात तरतूद नाही. ते वडील पुन्हा कचेरीत आले, मुलीला सोबत घेऊन. बाईंनी दोघांना खुर्च्या दिल्या आणि जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला फोन लावला, निदान कर्जाचे हप्ते तरी पुढं ढकलता येतील का, हे विचारायला.